कुकीज दगड होतात, टायर होतात, हिरव्या होतात : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सकाळी चहाबरोबर चार मारी बिस्किटं खाण्यापेक्षा सत्तू-शेंगदाण्याच्या दोन कुकीज घरी करून ठेवा, नाश्त्याला चालतात. बस, एवढंच. रेसिपी द्यायला जागाच नव्हती. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॅप आले की यावेळचं अख्खं सदर त्यातच गेलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी छान छान फोटो पाठवले त्यांचे आभार आणि ज्यांनी करपलेल्या ट्रेचे पाठवले त्यांचे डबल आभार, कारण कुठं काय बिघडलं ते त्यातूनच कळतं.

ताई, तुमचं वाचून मी यूट्यूबवर बघून ओट्स-केळ्याच्या कुकीज केल्या. दोन पिकलेली केळी, दीड वाटी ओट्स, मूठभर मनुका, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी रबर, दुसऱ्या दिवशी चामडं. मुलांची शाळा सकाळी ७ ची, सहाला उठवून त्यांच्या घशाखाली काही उतरत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. माझं काय चुकलं? आणि यात प्रोटीन असतं ना? — एक आई, नाशिक

अगं तुझं काहीच चुकलं नाही, ती रेसिपीच तशी आहे. करंजीला मोहन कमी पडलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको, इथे तर मोहनच नाहीये. केळ्यातलं पाणी ओट्स पिऊन टाकतात आणि ओले ओट्स किती चिकट होतात ते दलियासारखं शिजवताना बघितलंच असशील, तो सगळा चिकटपणा ओव्हनमध्ये सुकतो आणि मग त्याचं चामडं होतं. तूप-लोणी पिठाच्या कणांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही, म्हणून खुसखुशीत लागतं. ते "हेल्दी" करायच्या नादात काढून टाकलं की मुलं एक घास खाऊन ठेवून देणार, मग कसलं हेल्दी.

आणि प्रोटीनचं म्हणशील तर हिशोब करून बघ. १०० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १३ ग्रॅम, एका केळ्यात जेमतेम १. म्हणजे अख्ख्या ट्रेमध्ये १४-१५ ग्रॅम, बारा कुकीज झाल्या तर एकीत एक ग्रॅमच्या थोडंसं वर. नावातच प्रोटीन लिहिलेल्या किती रेसिप्या अशा असतात ते असा हिशोब करायला लागलीस की कळेल.

प्रोटीन येतं डाळीतून, शेंगदाण्यातून, अंड्यातून, दुधातून. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, त्यात १०० ग्रॅमला २०-२२ ग्रॅम प्रोटीन असतं. सत्तू नाही मिळाला तर चिवड्यात घालतो ते डाळं मिक्सरला फिरव, काम झालं. शेंगदाण्यात २५ च्या आसपास. कच्चं बेसन मात्र सरळ घालू नकोस, आत कच्चट वास राहतो, घालायचंच असेल तर लाडवाला भाजतो तसं आधी भाजून घे.

मी करते ते प्रमाण देते. वजनावर देतेय कारण प्रत्येकीची वाटी वेगळी. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आता फार महाग राहिला नाहीये, एकदा घेऊन टाका. रोल्ड ओट्स १०० ग्रॅम, सत्तू ८०, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट ८०, कणीक ४०, तीळ २०, भोपळ्याच्या बिया २०, गूळ पावडर ९०, तूप ६०, अंडी दोन, दूध दोन-तीन चमचे लागेल तसं, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची नाहीतर जायफळ.

तूप थिजलेलं घ्यायचं, पातळ केलेलं नको. तूप आणि गूळ हाताने नाहीतर व्हिस्कने फेटून घे, रंग थोडा फिका झाला की एकेक अंडं घाल, मग सगळं कोरडं. गोळा चिकट वाटेल, लगेच पीठ वाढवू नकोस!! झाकून अर्धा तास ठेव, तेवढ्यात ओट्स आणि सत्तू ओलावा ओढून घेतात आणि गोळा आपोआप आटोक्यात येतो. तरीही कोरडा पडून भेगा जायला लागल्या तरच दुधाचा हात. बेकरीतल्या कुकीज आपोआप पसरतात कारण त्यांच्यात साखर आणि फॅट भरपूर असतं, या पसरत नाहीत, गोळा ठेवशील तर लाडू बाहेर येईल. त्यामुळे तळहाताने दाबून बोटभर जाडीच्या चपट्या करायच्या. सोळा होतात. ओव्हन १७० डिग्रीला आधी दहा मिनिटं तापवून घ्यायचा आणि चौदा ते सोळा मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढ, मधे मऊ लागल्या तरी काढ. सगळ्यात जास्त जण इथेच फसतात, मऊ आहे म्हणून अजून पाच मिनिटं ठेवतात आणि मग दगड होतो. गार होताना त्या घट्ट होतात. गुळामुळे रंग पण पटकन चढतो, शेवटची तीन मिनिटं ओव्हनसमोरून हलू नकोस, फोन घेऊ नकोस.

आता हिशोब. सगळं मिळून साधारण ७५ ग्रॅम प्रोटीन होतं, म्हणजे एका कुकीत साडेचार-पावणेपाच. दोन कुकीज आणि कपभर दूध म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास. सकाळी सातच्या शाळेसाठी हे उत्तम आहे. पण एक खरं सांगते, एका कुकीत १६० कॅलरीज पण आहेत, शेंगदाणे आणि तूप काही फुकट येत नाहीत. उकडलेलं एक अंडं ७०-७५ कॅलरीत ६ ग्रॅम देतं, त्याच्याशी कुकी बरोबरी करू शकत नाही. बशीभर खायची वस्तू नाही ही, दोन म्हणजे दोन.

हे प्रोटीनचं काय फॅड काढलंय तुम्ही लोकांनी? आम्ही पोहे-उपमा खाऊनच मोठे झालो, नोकऱ्या केल्या, रिटायर झालो. आता नातवाला कुकी? तीही प्रोटीनची? — एक आजोबा, नागपूर

काका, नमस्कार. रागावू नका, अर्धं तुमचं बरोबरच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे आकडे दिले त्यात मोठ्या माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाचे ५० ग्रॅम, वरण-भात-पोळी-भाजी-दही नीट खाणाऱ्याला हे काही डोंगराएवढं नाही. जिमच्या जाहिरातीत दाखवतात तसं तर नाहीच.

पण सकाळचा नाश्ता बघा. साधे कांदेपोहे, शेंगदाणे न घालता, एका डिशला ४ ग्रॅम. चहा आणि चार मारी म्हणजे बिस्किटातून दीड-दोन. तुमच्याकडे नागपूरला तर्री पोहे खातात, त्यावर काळ्या हरभऱ्याचा रस्सा असतो, तिथे मात्र मामला बदलतो, आणि नुसतं ग्रॅम वाढतात म्हणून नाही. तांदूळ-गहू-ओट्स या धान्यांमध्ये लायसिन नावाचं एक अमिनो अॅसिड, म्हणजे प्रोटीन ज्यांनी बनतं त्यातला एक घटक, कमी असतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं, दोघं मिळून काम पूर्ण करतात. वरणभात, खिचडी, इडली, थालीपिठाची भाजणी, सगळीकडे तेच चालू आहे. मी कुकीत ओट्सबरोबर सत्तू घालते ते याच कारणाने. तुम्ही नातवाला तर्री पोहे खाऊ घालू शकत असाल तर कुकीची काही गरज नाही, खरंच. फक्त सकाळी साडेसहाला तो तिखट तर्री खाईल का ते मला सांगा.

माझ्याकडे ओव्हन नाही आणि घ्यायचाही नाही. कुकरमध्ये होतील का? मैत्रीण म्हणते कुकर फुटतो. — सांगली

होतात, आणि शिट्टी-रबर काढलं असेल तर फुटायचं काही कारण नाही. वाफ कोंडली तरच धोका. कुकरची शिट्टी आणि झाकणाचं रबर दोन्ही काढा, आत पाणी घालायचं नाही, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड नाहीतर एखादी उपडी वाटी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग कुकीजची ताटली आत, आच अगदी बारीक, आणि वीस-पंचवीस मिनिटं. एका वेळी पाच-सहाच मावतात, म्हणजे सोळा करायला दीड तास जातो, हे आधी सांगितलेलं बरं. वरून रंग येत नाही कारण उष्णता खालून असते. मग त्या गार झाल्या की तव्यावर उलट्या टाकून मिनिटभर शेकायच्या, वरची बाजू पण सोनेरी होते. हे करताना हलक्या हाताने, गरम असताना तुटतात.

मी स्वतः कुकरपेक्षा जुनी जाड बुडाची कढई आणि वर घट्ट बसणारं झाकण वापरते, रोजच्या कुकरला कोरडं तापवायला मला जिवावर येतं. नॉनस्टिक कढई नको. मीठ फेकू नका, बरणीत भरून "बेकिंग" असं लिहून ठेवा, परत परत चालतं, फक्त आमटीत घालू नका. एअर फ्रायर असेल तर १५५-१६० डिग्री, दहा-बारा मिनिटं, आत पंखा असल्याने बाहेरून लवकर करपतं म्हणून तापमान कमी. साधा मायक्रोवेव्ह, ज्यात फक्त दूध गरम होतं, त्यात करू नका, रंग येत नाही आणि गार झाल्यावर दात पडतील.

अजून एक. आमच्या लहानपणी मे महिन्यात मैदा, पिठीसाखर, डालडा असं सगळं डब्यात भरून गल्लीतल्या बेकरीत न्यायचं, तिथला माणूस मोठ्या लाकडी टेबलावर मळायचा, आपण तिथेच उभं राहून नानकटाईचे गोळे वळायचे, वर चारोळीचा एकेक दाणा आपण दाबायचा, आणि ट्रे भट्टीत गेला की तो वास घेत तासभर नंबर लावून थांबायचं. पत्र्याचा डबा भरून घरी यायचा आणि आठ दिवसात रिकामा. सांगलीत अशी एखादी बेकरी अजून असेल तर विचारून बघा, घरचं पीठ दिलं तर भाजून देतात का. सत्तूचं पीठ बघून तो जरा बघेल तुमच्याकडे, पण देईल.

मी २६, जिम करतो. मैद्याऐवजी सगळी व्हे पावडर घातली, दोन स्कूप वर अजून एक. बाहेर आलं ते ट्रकच्या टायरसारखं. आई म्हणते बेक केल्यावर प्रोटीन जळून जातं, खरं का? — ठाणे

अरे बाबा, सगळी? व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, उष्णता लागली की ते आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं, जास्त भाजलेलं पनीर कसं चिवट होतं तसंच. पिठाचं काम ते करू शकत नाही. एकूण कोरड्या पिठाच्या पाव भागापर्यंत व्हे चालते, त्यापुढे गेलास की टायर. घालशील तेव्हा दोन-तीन चमचे दूध नाहीतर दही जास्त घाल, ओव्हन १६० ला ठेव आणि दोन मिनिटं आधीच काढ. पावडर गोड असेल तर गूळ कमी कर.

आईला सांग प्रोटीन जळून जात नाही. त्याची घडी उलगडते म्हणजे आकार बदलतो, अंडं उकडल्यावर पांढरं होतं तेच, पचायला त्याने काही बिघडत नाही. करपून काळं केलंस तर मात्र आईचं बरोबर.

माझं मत विचारलंस तर, तू विचारलं नाहीयेस तरी सांगते, एका स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम असतात ते तू पाण्यात ढवळून दोन मिनिटात पिऊ शकतोस. ते बारा कुकीजमध्ये वाटून प्रत्येकीत दोन ग्रॅम घालायचे आणि चव घालवायची यात मला काही हशील दिसत नाही. त्याऐवजी माझ्या प्रमाणात ३० ग्रॅम फॅट काढलेल्या दुधाची पावडर घाल, दहा ग्रॅम प्रोटीन वाढतं, चवीला खव्यासारखी छान लागते आणि खिशाला पण परवडते. फक्त रंग लवकर येतो, लक्ष ठेव.

सासऱ्यांना शुगर आहे. साखरेऐवजी गूळ आणि खजूर घातला तर त्यांना रोज चालेल ना? — एक सून, सोलापूर

नाही हो. हा प्रश्न सतरा जणींनी विचारलाय म्हणून जरा स्पष्ट लिहिते. गूळ, मध, खजूर, काकवी, कोकोनट शुगर, रक्तात गेल्यावर सगळ्यांची साखरच होते. खजुरात फायबर असतं ते चांगलं आहे, गुळाला चव आहे, पण म्हणून "शुगर-फ्री" म्हणून डबा भरून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवायचा आणि त्यांनी पाच खायच्या, हे फार वाईट. वरच्या प्रमाणात एका कुकीत साडेपाच ग्रॅम गूळ येतो, चमचाभर. तो ९० वरून ५० ग्रॅमवर आणला तरी कुकी बिघडत नाही, चव मात्र सपक होते म्हणून वेलची-दालचिनी वाढवा, चिमूटभर मीठ जास्त. ५० च्या खाली गेलात तर ती भुगा होते, गूळ नुसता गोडीसाठी नसतो, बांधून पण ठेवतो. कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घाला.

मग त्यांनी एक खावी, नाश्त्याच्या *ऐवजी* किंवा नाश्त्यातली पोळी कमी करून, वरून जास्तीची म्हणून नाही. घरी ग्लुकोमीटर असेलच, खाल्ल्यावर दोन तासांनी बघा, प्रत्येकाचं शरीर वेगळं बोलतं, आणि तो आकडा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी सोलापूरच्या माणसाने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर दही सोडून सकाळी कुकी का खावी हे मला कळलेलं नाही, त्यांच्यासाठी तो नाश्ता कधीही सरस. गोड खायची हौस असेल तर रविवारी एक.

आणि खारं चालत असेल तर पुढचं वाचा.

सगळे गोडच सांगतात. खाऱ्या कुकीज होत नाहीत का, नाश्त्याच्या? — डोंबिवली, ७:१४ ची लोकल पकडणारी

होतात आणि माझ्या घरी गोड्यांपेक्षा त्याच आधी संपतात. थालीपिठाची भाजणी घरी असते ना? तीच. भाजणी १५० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट ५०, तूप ६०, घट्ट दही ५०, ओवा, तीळ, मिरपूड, मीठ, कसुरी मेथी चुरून, आवडत असेल तर लसूण किसून, आणि पाव छोटा चमचा सोडा, दह्याच्या आंबटपणाने तो नीट काम करतो. मळू नका, नुसतं गोळा करा. गार करून लाटा, बोटाच्या पेरापेक्षा पातळ, वाटीने कापा, काट्याने टोचे मारा, १६५ ला वीस-बावीस मिनिटं. भाजणीतली धान्यं-डाळी आधीच भाजलेल्या असतात त्यामुळे कच्चट लागायचा प्रश्नच नाही, म्हणून नवशिक्यांनी हीच आधी करावी असं मी म्हणेन. लोकलमध्ये उभ्याने खाता येते, बोटांना काही लागत नाही, फक्त ओव्याचा वास अख्ख्या डब्यात जातो आणि बायका विचारतात. तेवढ्या चार जास्तीच्या ठेवायच्या.

अंडं चालत नाही. काय घालू? — जळगाव, कोल्हापूर, घाटकोपर आणि अजून बऱ्याच जणी

दोन अंड्यांच्या जागी १०० ग्रॅम चक्का, म्हणजे बांधून पाणी काढलेलं दही, श्रीखंडाला करतो तेच. बेकिंग पावडर अर्धी करून पाव चमचा सोडा. प्रोटीन जवळपास तेवढंच राहतं. जवसाची पूड दोन मोठे चमचे आणि सहा चमचे पाणी, दहा मिनिटात बुळबुळीत होतं, ते पण बांधतं छान, पण अंड्यातलं दहा-बारा ग्रॅम प्रोटीन जातं, जवसातून दोन-अडीचच परत येतं. म्हणजे कुकीमागे चारच्या आसपास. त्याने काही आकाश कोसळत नाही.

कुकीजमध्ये सूर्यफुलाच्या बिया घातल्या. संध्याकाळी ठीक होत्या, सकाळी डबा उघडला तर आतून हिरव्यागार!! बुरशी समजून सगळ्या फेकल्या. — पुणे

अरेरे, फेकायला नको होत्या. ती बुरशी नव्हती. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक अॅसिड असतं, त्याला खाण्याच्या सोड्याचा क्षार म्हणजे अल्कली मिळाली की ते हिरवं होतं, कुकीज गार होऊन रात्रभर राहिल्या की रंग अजून गडद. खायला काहीही धोका नाही. माझ्या पण झाल्या होत्या, भाच्याच्या वाढदिवसाला, मी हल्क कुकीज म्हणून वाढल्या आणि पोरांनी त्या आधी संपवल्या. नको असेल तर सोडा न घालता बेकिंग पावडर घाला तीही कमी, किंवा चमचाभर लिंबाचा रस, किंवा सरळ भोपळ्याच्या बिया. बुरशी कशी ओळखायची तर ती वरून येते, ठिपक्या-ठिपक्यांनी, केसाळ दिसते आणि कुबट वास येतो. हा हिरवा रंग बियांच्या भोवती, आतल्या बाजूला असतो.

आम्ही न्यू जर्सीला. मुलीच्या शाळेत नट्स बंद, शेंगदाण्याचा वास पण नको म्हणतात. सत्तू देसी स्टोअरमध्ये मिळतो. कुटाच्या जागी काय? तीळ वाढवू का?

तीळ वाढवायच्या आधी शाळेला विचारा. अमेरिकेत २०२३ पासून तीळसुद्धा मोठ्या अॅलर्जनच्या यादीत आलाय, नववा, त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी वाटणारा तीळ तिथे अडू शकतो. सगळ्यात सोपं म्हणजे ८० ग्रॅम कुटाच्या जागी भोपळ्याच्या बिया भाजून जाडसर वाटून घ्या, प्रोटीन उलट थोडं वाढतं. पाकिटावर ती कुठल्या फॅक्टरीत भरलीय, तिथे शेंगदाणे असतात का ते बघा, देसी दुकानातल्या सत्तूच्या पाकिटावर पण. वर्गात एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर हरभरा पण त्याच कुळातला आहे, म्हणून आपल्या मुलीला सांगून ठेवा की डबा वाटायचा नाही. आपल्याकडे डबा वाटून खा म्हणून शिकवतात, तिथे हे उलटं शिकवावं लागतं, काय करणार.

पावसाळ्यात दोन दिवसात मऊ पडतात, तिसऱ्या दिवशी खवट. किती दिवस टिकतात? — रत्नागिरी

कोकणातल्या पावसात पापड मऊ पडतो तिथे कुकीचं काय घेऊन बसलात. बाकीच्या दिवसात घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस, पावसाळ्यात बाहेर ठेवूच नका, फ्रिजमध्ये आठवडाभर. डब्यात भरायच्या आधी पूर्ण गार करा, जाळीवर, ताटात नाही, ताटात खालून घाम येतो. मऊ पडल्या तर १५० ला पाच मिनिटं परत फिरवा.

त्यापेक्षा माझी पद्धत करा. कच्च्या गोळ्याच्या चपट्या कुकीज करून ताटात सुट्या सुट्या फ्रीझरमध्ये घट्ट करायच्या, मग पिशवीत भरायच्या, दोन महिने राहतात. रात्री चार काढा, तशाच गोठलेल्या ओव्हनमध्ये, तीन-चार मिनिटं जास्त लागतात. रोज ताज्या. फक्त कच्चं पीठ पोरांना चाटू देऊ नका, कच्चं अंडं आहे आणि कच्ची कणीक पण आहे, दोन्हीतून पोट बिघडू शकतं. मला माहितीये सगळे चाटतात.

खवटपणा बहुतेक शेंगदाण्याचा असतो. कूट करून महिना महिना ठेवायची सवय असते आपल्याला, इथे ते चालत नाही, ताजे दाणे भाजून ताजं कूट. आणि दाणे निवडताना बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दिसले तर काढून टाका, "भाजल्यावर मरेल सगळं" असं म्हणू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ओव्हनच्या उष्णतेला दाद देत नाही.

सासूबाईंनी एक खाल्ली आणि म्हणाल्या "यापेक्षा लाडू का नाही केलास?" काय उत्तर देऊ? — नाव नको, गाव पण नको

काही उत्तर देऊ नकोस, त्यांचं बरोबर आहे. सत्तू, कूट, तीळ, गूळ, तूप, सगळा लाडवाचाच माल आहे, ओव्हन न लावता वळला तरी तेवढंच प्रोटीन (अंडी आणि ओट्स वगळून). फरक इतकाच की लाडवात तूप आणि गूळ दोन्ही जास्त लागतं नाहीतर तो वळतच नाही, आणि पोरं लाडू म्हटलं की पळतात, कुकी म्हटलं की येतात. पुढच्या वेळी गोळा मळायला त्यांनाच बस म्हण. जायफळ किती घालायचं ते त्या ठरवतील, बघ मग कशा आवडतात.

शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. चहात बुडवून चालतात का? — वसईचे एक काका

चालतात काका, पण मोजून तीन सेकंद. पार्लेजीला जेवढा वेळ देता त्याच्या निम्मा. सत्तू पटकन चहा पितो आणि चौथ्या सेकंदाला कुकी कपात जाते, मग तळाला जो गाळ राहतो तो चमच्याने खावा लागतो. मी खाते. गूळ, शेंगदाणे आणि आल्याचा चहा, वाईट नाही लागत.